तारपा, गुरू आणि सरकारी शिष्यवृत्ती: अर्जापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत

माझी दोन वर्षांची शिष्यवृत्ती संपली, शेवटचा हप्ता खात्यात पडला, म्हणून सगळं आठवतंय तोवर लिहून टाकतोय. मी अर्ज करत होतो तेव्हा मराठीत कुठंच काही सापडत नव्हतं. इंग्रजी पीडीएफ, नाहीतर कथक-तबला क्लासवाल्यांच्या सूचना, आणि त्यातलं निम्मं माझ्या उपयोगाचं नव्हतं कारण मी तारपा वाजवतो, दुधी भोपळ्याचं फुंकून वाजवायचं आमचं वाद्य. मी वारली, जव्हार तालुक्यातला.

आधी योजना काय आहे ते सांगतो. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती, दिल्लीची सीसीआरटी (सेंटर फॉर कल्चरल रिसोर्सेस अँड ट्रेनिंग) ही संस्था ती चालवते. वय १८ ते २५, ज्या वर्षी अर्ज करताय त्या वर्षीच्या १ एप्रिलला मोजतात. देशभरातून ४०० जागा, महिन्याला ५००० रुपये, दोन वर्षं, आणि ते पैसे गुरूकडे किंवा संस्थेत पुढचं शिक्षण घेण्यासाठी. महिन्याच्या महिन्याला मिळत नाहीत, सहा महिन्यांचे एकदम असे चार हप्ते, म्हणजे दर वेळी ३०००० आणि एकूण १ लाख २० हजार. शास्त्रीय गाणं, नाच, नाटक, मूकाभिनय, चित्र-शिल्प वगैरे गट आहेत आणि त्यातच लोककला, पारंपरिक आणि देशी कला असा पण एक गट आहे. आमच्याकडची किती पोरं तारपा, ढोल, घांगळी (तारेचं वाद्य) वाजवतात आणि त्यांना हा गट आहे हेच माहीत नसतं. मला कॉलेजमधल्या मराठीच्या सरांनी सांगितलं. ते म्हणाले तू असापण बाबांकडे शिकतोसच आहेस, मग अर्ज कर की.

बाबा म्हणजे आमच्या शेजारच्या पाड्यातले तारपकरी. सगळे त्यांना बाबाच म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, शाळेत गेलेले नाहीत, सही येत नाही, अंगठा देतात. आणि अर्जात सगळ्यात महत्त्वाचा कागद कुठला, तर गुरूचा दाखला, की हा मुलगा किमान पाच वर्षं शिकलेला आहे आणि मी याला पुढं शिकवायला तयार आहे. मी आश्रमशाळेत आठवीत होतो तेव्हापासून सुट्टीला आलो की त्यांच्यामागे फिरायचो, त्यामुळे पाच वर्षं कधीच झाली होती, पण ते कागदावर कसं आणायचं हे कळेना. क्लास नाही, फी नाही, हजेरी नाही, परीक्षा नाही. एका ओळखीच्याने सुचवलं की एखाद्या शहरातल्या लोककला संस्थेचं नाव घाल, त्यांचा शिक्का असतो, काम सोपं होईल. मला ते पटलं नाही. जो माणूस शिकवतोय त्याचंच नाव गेलं पाहिजे.

मग सरांनी आणि मी बसून दाखला लिहिला, साध्या मराठीत, खाली हिंदी भाषांतर जोडलं. जे आहे तेच लिहिलं. हंगामात रात्रीच्या नाचाला सोबत नेलं, आधी नाचायला लावलं, मग दुधी सुकवायला आणि बांबू निवडायला शिकवलं, मग फुंकायला दिलं, अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत. बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी दोन जागी दुरुस्ती सांगितली, मग अंगठा. अंगठ्याच्या बाजूला दोन साक्षीदारांच्या सह्या आणि सरपंच, ग्रामसेवकाचा शिक्का घेतला. तुमचे गुरू अंगठा देणारे असतील तर एवढं नक्की करा, म्हणजे कोणी शंका काढत नाही. बाबांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आहे, आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांची तीच असते, त्याचं काही अडलं नाही. गुरूची माहिती असा एक भाग असतो तिथं पुरस्कार, कार्यक्रम विचारतात. बाबांकडे तालुक्याच्या एका कार्यक्रमातलं प्रमाणपत्र भिंतीवर फ्रेममध्ये होतं, ते काढून त्याची झेरॉक्स केली, आणि बाकी कुठल्या कुठल्या पाड्यांत ते वाजवायला जातात त्या गावांची नावं लिहिली. मला वाटतं ती गावांची यादीच जास्त कामाची ठरली.

फॉर्म ऑनलाइन. जव्हारला सायबर कॅफेत भरला. फोटो आणि सहीच्या फाइलचं माप ठरलेलं असतं, आधीच करून पेनड्राइव्हवर घेऊन जा, कारण उन्हाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि अर्धा भरलेला फॉर्म सेव्ह केलेला नसेल तर परत पहिल्यापासून. आणि नाव. दहावीचं मार्कशीट, आधार आणि बँक पासबुक या तिन्हीत नावाचं स्पेलिंग एक आहे का ते आधी बघा, आश्रमशाळेत नाव घालताना कुणी काय लिहिलंय काही सांगता येत नाही, ते नीट करून घ्यायलाच वेळ जातो. फी मला काही भरावी लागली नाही. कॅफे, झेरॉक्स, भाषांतर टाइप करणं, येण्याजाण्याची एसटी धरून पाचशेच्या आसपास गेले.

मग वाट बघणं. हे खरंच लांब असतं, महिन्यांच्या हिशोबाने. मी त्या काळात बोईसरला एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला लागलो होतो. मुलाखतीचं बोलावणं ईमेलवर आलं आणि नुसत्या नशिबाने दिसलं, कारण मी मेल रोज बघत नव्हतो. तुम्ही बघत जा, स्पॅमचा डबा पण बघा, आणि संस्थेच्या वेबसाइटवर पण अधूनमधून जा.

मुलाखत दिल्लीला. येण्याजाण्याचा खर्च स्वतःचा. आणि प्रश्न होता तो तारपा न्यायचा. ज्यांनी जवळून बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, वरती सुकवलेला दुधी भोपळा, त्यात दोन बांबूच्या नळ्या, आत दोन जिभा (फुंकलं की थरथरणाऱ्या बांबूच्या पातळ पट्ट्या), आणि पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा, सगळे जोड मधमाशीच्या मेणाने केलेले. उन्हात मेण पातळ होतं, थंडीत तडकतं, कर्ण्यावर कोणी बसलं की संपलं. बाबांनी मला मेणाचा गोळा आणि जास्तीच्या जिभा एका डबीत घालून दिल्या, आईने जुन्या लुगड्यात गुंडाळून दिला, वरून पुठ्ठा बांधला. जव्हारवरून एसटीने नाशिक, नाशिकरोडवरून पंजाब मेल. स्लीपरचं वरचं बर्थ मागून घ्या, वाद्य उशाशी राहतं. रात्रभर एक हात त्याच्यावर ठेवूनच झोपलो.

जानेवारी होता आणि तसली थंडी मी आयुष्यात बघितली नव्हती. पहाडगंजला साध्या लॉजमध्ये उतरलो. सकाळी पुडकं सोडून बघतो तर दुधी आणि कर्ण्याच्या जोडावर मेणाला चीर गेलेली, फुंकलं की हवा निसटत होती. खालच्या चहावाल्याकडे गेलो, शेगडीजवळ गोळा मऊ केला आणि बोटाने भरला. चहावाला काय आहे काय आहे म्हणून विचारत राहिला, मग त्याला थोडं वाजवून दाखवलं. तिथून द्वारकेपर्यंत मेट्रो सरळ जाते, ब्लू लाइन. मेट्रोच्या तपासणीत तारपा मशीनमधून जाईना, जवानाला समजावून सांगावं लागलं, म्हणून हातात वेळ ठेवून निघा, आणि मुलाखतीचं पत्र वर खिशातच ठेवा, ते दाखवलं की सोडतात.

बाहेर बसलेली पोरं-पोरी बघून पोटात गोळा आला होता हे खरं सांगतो. कोणी सारंगी लावतंय, कोणी घुंगरू बांधतंय, सोबत आईवडील, गुरुजी. मी एकटा. माझ्या शेजारी राजस्थानचा एक मुलगा होता, वाद्यवालाच, त्याने विचारलं हे कशाचं बनलंय, मग बोलत बसलो आणि भीती जरा गेली.

आत तज्ज्ञांनी आधी वाजवायला सांगितलं. मी देवाचा चाळा धरला. आमच्यात तारप्याच्या चालींना चाळे म्हणतात, प्रत्येक चाळ्याला नाचाची पावलं वेगळी. तारपा वाजवताना श्वास तोडायचा नसतो, गालात हवा साठवून नाकाने आत घेत राहायचं, सूर थांबला की नाच थांबतो. थोडंच वाजवलं आणि ते बस म्हणाले. मग प्रश्न. हे वाद्य स्वतः बनवता येतं का, कधी वाजवतात, नाचणारे कसे उभे राहतात, गुरू कोण, दोन वर्षांत काय शिकणार. हिंदीत विचारत होते, माझं हिंदी मोडकंतोडकं, पण कोणी अडवलं नाही, मराठी शब्द आला तर समजून घेत होते.

कधी वाजवतात या प्रश्नाला मी जे खरं आहे ते सांगितलं. आमच्या पाड्यात तारपा बारा महिने वाजत नाही. भात तयार व्हायला लागलं, नवं आलं की तो खाली उतरतो, दिवाळीपर्यंत रात्री-रात्री नाच चालतो, आणि पेरणी-लावणीच्या दिवसांत तो घराच्या आढ्याला टांगलेला असतो. कणसरी म्हणजे धान्याची देवी, भात पोसत असताना तिच्या कामात आवाज करायचा नाही असं बाबा सांगतात. सगळीकडे एवढं पाळत नाहीत, बाबा पाळतात. त्यावर समोरून लगेच विचारलं, मग शिष्यवृत्तीत रोजचा सराव धरलेला असतो तो पावसाळ्यात कसा करणार? मी म्हणालो, त्या महिन्यांत तारपा बनवायला शिकेन, दुधी लावेन, चाळे तोंडाने म्हणेन, आणि भगताकडे, म्हणजे आमच्यातल्या पूजाविधी करणाऱ्याकडे, घांगळीवरची गाणी ऐकायला जाईन, आमच्यात शिकण्याचा तो पण भाग आहे. कोणीतरी मान हलवली. बाहेर आलो तेव्हा वाटत होतं की पावसाळ्याचं सांगून मी स्वतःच वाट बंद केली. रात्री पंजाब मेलमध्ये तेच डोक्यात.

निकालाला परत काही महिने. वेबसाइटवर यादी लागली त्यात नाव होतं, बाबांना सांगायला पाड्यावर गेलो तर ते शेतावर राब (पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजणं) भाजत होते, म्हणाले बरं झालं, आता कंपनी सोडशील ना.

निवड झाल्यावर कागद परत. स्वीकृतीचं पत्र, हमीपत्र, गुरूकडे शिकायला सुरुवात केली त्याचा गुरूचा दाखला, बँकेचा तपशील. इथं एक गोष्ट नीट वाचा कारण आपल्या पोरांना हीच नडते. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं खातं पुष्कळदा छोटं खातं असतं, पूर्ण केवायसी न झालेलं. त्यात एका वेळी ५० हजारांच्या वर शिल्लक चालत नाही, वर्षाला १ लाखाच्या वर जमा चालत नाही आणि महिन्याला १० हजारांच्या वर काढता येत नाहीत. ३०००० चा हप्ता त्यात आला आणि आधीचे थोडे पैसे असले तर अडकतं. बँकेत जाऊन पूर्ण केवायसी करा, आधार जोडलंय का ते विचारा, आणि हे निवड व्हायच्या आधीच करून ठेवा.

कंपनी सोडली. हा निर्णय सोपा नव्हता, पॅकिंगचे पैसे ५००० पेक्षा दुपटीहून जास्त होते. घरी भाऊ म्हणाला की दिवाळीनंतर सगळा पाडा वीटभट्टीला जातो, भिवंडी, वसई, तू इथं बसून काय करणार. पण खरं म्हणजे तेच कारण होतं. आमच्याकडे तारपा शिकायचं वय आणि कामाला बाहेर जायचं वय एकच आहे, पोरगं वाजवायला लागतं न लागतं तोवर भट्टीला नाहीतर कंपनीला जातं. महिना ५००० मध्ये चैन होत नाही, पण घरचा तांदूळ असेल तर माणूस पाड्यावर राहू शकतो, आणि मला तेवढंच पाहिजे होतं. बाकीच्या खर्चाला मी आठवड्याचे दोन-तीन दिवस गावातच मजुरी करत होतो.

आता शिकण्याचं. मला वाटलं होतं बाबा नवे चाळे देतील. त्यांनी पहिला हंगामभर मला नाचायलाच लावलं. तारपकरी मध्ये, नाचणारे हातात हात गुंफून त्याच्याभोवती, पुढचा घोळकाठी (तालासाठी वाजवायची काठी) घेऊन, आणि तारप्याकडे पाठ करायची नाही. बाबा म्हणायचे, तू वाजवताना बोटांकडे बघतोस, पायांकडे बघ. रात्री दोन वाजता नाचणाऱ्याच्या पोटऱ्या कशा भरतात ते तुला ठाऊक पाहिजे, तेव्हा चाळा बदलायचा, नाहीतर रिंगण सुटतं. हे मला आधीच्या इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले तेव्हा तू सुट्टीपुरता होतास.

श्वासासाठी त्यांची पद्धत अशी, पपईच्या पानाचा पोकळ देठ घ्यायचा, लोट्यात पाणी, देठातून फुंकत राहायचं आणि बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. मला वाजवता येत होतं तरी हे परत पहिल्यापासून करायला लावलं, कारण माझा श्वास गालातून कमी आणि छातीतून जास्त जात होता, म्हणून तासाभरात दमायचो. रोज सकाळी ओट्यावर बसून तेच. दुसऱ्या हंगामापर्यंत रात्रभर टिकायला लागलो, मधे पाणी प्यायला थांबायचो तेवढंच.

पहिला सहामाही अहवाल नेमका पावसाळ्यात आला. यात काय शिकलो ते आपण लिहायचं आणि गुरूने प्रमाणित करायचं. माझ्यासोबतच्या एका मुलाने सल्ला दिला की लिहून टाक रोज तीन तास वाजवलं, कोण बघायला येतंय. मी बाबांना विचारलं काय लिहू. ते म्हणाले तारपा वर टांगलाय ते लिही. तसंच लिहिलं. जूनला दुध्याचं बी लावलं, वेल मांडवावर चढवला, फळ कुठल्या आकाराचं ठेवायचं आणि कुठलं काढून टाकायचं, मेण कसं गाळायचं, जिभेसाठी बांबू किती पातळ करायचा, कुठले चाळे तोंडाने पाठ झाले, भगताकडे कुठली गाणी ऐकली. दुध्याच्या वेलाचे, जिभांचे फोटो जोडले. अंगठा, साक्षीदार, शिक्का. तो अहवाल तसाच स्वीकारला गेला, उलट प्रश्न आला नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतो की तुमची कला जशी आहे तशी लिहा, फॉर्मच्या मापाला कापू नका.

त्याच महिन्यात ९ ऑगस्ट, जागतिक आदिवासी दिन. जव्हारला मोठी रॅली असते, तारपे वाजतात, आणि मला शिष्यवृत्ती मिळालीय म्हणून पुढे उभं राहून वाजव असं बोलावणं आलं. मला जायचं होतं. बाबा म्हणाले जा, नाच, घोषणा दे, तो दिवस आपला आहे, तारपा मात्र नवं धान्य खाल्ल्याशिवाय नको. जे वाजवतात त्यांना ते कधी नावं ठेवत नाहीत, त्यांचा नियम त्यांच्यापुरता आणि आता माझ्यापुरता. मी गेलो, नाचलो. थोडं वाईट वाटलं. पण त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर वाघबारसेच्या रात्री जेव्हा वाजवला तेव्हा मला कळलं की इतके महिने न वाजवल्याने चाळे डोक्यात किती पक्के बसलेत.

दुसऱ्या वर्षी स्वतःचे तारपे बनवले. पहिल्याचा आवाज बसका होता, बाबांनी हातात घेऊन फुंकला आणि काही न बोलता खाली ठेवला, नंतर स्वतःच दाखवलं की दोन नळ्यांच्या जिभा एका सुरात नव्हत्या. त्यापुढच्याचा आवाज मात्र खालच्या पाड्यापर्यंत गेला, आणि त्या हंगामात काही रात्री बाबा कडेला बसले आणि मी वाजवलं. या काळात प्रत्येक चाळा मोबाइलवर रेकॉर्ड करून, तारीख घालून ठेवलाय, बाबांच्या परवानगीने. हे तुम्ही पण करा, अहवालाला पण कामी येतं, आणि मेमरी कार्डाची एक कॉपी दुसऱ्याकडे ठेवा.

पैशाबद्दल एक गोष्ट जी मला आधी माहीत नव्हती. या शिष्यवृत्तीत गुरूला वेगळं मानधन नाही. सगळी रक्कम शिष्याच्या खात्यात येते आणि फी, प्रवास, साहित्य, राहणं सगळं त्यातूनच. बाबा रोख घेईनात. मग पहिल्या हप्त्यातून त्यांच्या पडवीवर पत्रे घातले, जिथं आम्ही बसायचो तिथंच पाणी गळत होतं, आणि पुढे दर हप्त्याला त्यांच्या औषधाचे आणि किराण्याचे पैसे त्यांच्या सुनेकडे देत राहिलो. अर्ज करताना हा हिशोब आधीच धरा. ज्या माणसाच्या अंगठ्यावर तुमची दोन वर्षं उभी आहेत त्याला रिकाम्या हाताने ठेवू नका.

यासाठीच आता दुसऱ्या एका योजनेच्या मागे लागलोय. उदयपूरच्या पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्राकडे महाराष्ट्र येतो, गोवा, गुजरात, राजस्थान पण. अशा केंद्रांची गुरू-शिष्य परंपरा म्हणून योजना आहे, तिच्यात गुरूला स्वतःचं मासिक मानधन असतं, साथीदाराला आणि शिष्यांना वेगळं. म्हणजे बाबांच्या नावावर पैसे येतील आणि पाड्यातली तीन-चार पोरं एकदम शिकतील, दोघं तर आत्ताच पपईचे देठ घेऊन ओट्यावर येऊन बसतात. चौकशीचं पत्र पाठवलंय. त्याला बाबांचं स्वतःचं बँक खातं लागेल, त्यांचं एक जुनं आहे पण वर्षानुवर्षं व्यवहार नसल्याने बंद पडलंय, आणि त्यांच्या अंगठ्याचे ठसे मशीनवर लवकर उमटत नाहीत. येत्या मंगळवारी त्यांना घेऊन जव्हारला जातोय, आधार केंद्रात डोळ्यांवरून ओळख घेतात का ते आधी विचारणार आणि मग बँकेत.